तालमीतला बाहेरचा माणूस

संपादकांचा फोन आला तेव्हा मी त्यांना आधीच सांगितलं, की कॉलेजच्या रंगभूमीसाठी झिजणारे शिक्षक आणि कार्यकर्ते यांच्यावर कौतुकाचा लेख हवा असेल तर तुमचा माणूस चुकला. झिजणाऱ्यांशी माझा संबंध फार आला नाही, माझा संबंध आला तो लबाडी करणाऱ्यांशी. ते म्हणाले, "मग तसंच लिहा की." इतक्या चटकन कबूल झाले, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी ऐनवेळी त्यांना टांग दिली असणार हे मी तेव्हाच ओळखलं.

मी नाटकातला नव्हे. नगरच्या एका कॉलेजात क्रीडाशिक्षक होतो. कबड्डीच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत बोगस खेळाडू पकडण्यात माझा हात धरणारं जिल्ह्यात कोणी नव्हतं, हे मी सांगतो म्हणून नाही, पकडले गेलेले आजही सांगतात. बी.ए.च्या वर्गातला म्हणून मैदानात उतरवलेला गडी प्रत्यक्षात दोन पोरांचा बाप आहे की नाही, हे मला त्याच्या चालण्यावरून कळायचं. ही कीर्ती नाटकवाल्यांच्या कानावर गेली आणि त्यांनी मला एकांकिका स्पर्धेचा तपासनीस करून टाकलं. निवृत्तीनंतरही ते काम सुटलं नाही. त्या मांडवात दरवर्षी मी असतो, आणि एक सोडली तर अजून एकही एकांकिका मी नीट पाहिलेली नाही. लोक नाटक बघतात, मी विंगेत कोण उभं आहे ते बघतो.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. एकांकिका म्हणजे एका अंकात संपणारं छोटं नाटक. कॉलेजं आपापले संघ पाठवतात, आधी प्राथमिक फेरी, मग नगरला अंतिम फेरी. आमचे नियम साधे. रंगमंचावरचा प्रत्येक जण त्या कॉलेजचा चालू विद्यार्थी हवा. नाटक विद्यार्थ्यांनी किंवा त्यांच्या शिक्षकांनी बसवलेलं हवं, बाहेरचा दिग्दर्शक चालणार नाही. आणि एकदा पडदा उघडला की नटाला बाहेरून कोणी वाक्य पुरवायचं नाही, पुरवलं तर गुण कापले जातात. नियम एवढेच, आणि ते मोडायच्या वाटा मात्र दरवर्षी नव्या.

कागदपत्रं सगळ्यांचीच चोख असतात. ज्यांची जरा जास्तच चोख असतात त्यांच्याकडे मी आधी जातो. माझी परीक्षा वेगळी आहे. मेकअप करत बसलेल्या पोराजवळ जायचं आणि सहज विचारायचं, "काय रे, तुमच्या कॅन्टीनचा वडापाव कसा असतो?" खरा विद्यार्थी लगेच कुरकुर करतो, "कसला वडापाव सर, वडा कालचा असतो." आणि जो हसून म्हणतो, "एकदम छान असतो सर," त्याचं बखोट धरायचं. या एका प्रश्नावर मी एक विमा एजंट, एक बँड पथकातला गायक आणि एक चक्क दुसऱ्या कॉलेजचा लेक्चरर बाहेर काढला आहे.

कधी कधी हा प्रश्न माझ्यावरच उलटला. सोनईकडच्या एका संघात सरपंचाचं काम करणारा पोरगा इतका सहज वावरत होता की हा विद्यार्थी नाहीच असं मी मनाशी धरून बसलो. वडापावाचं विचारलं तर म्हणाला, "मी कॅन्टीनला जातच न्हाई सर. घरनं भाकर आनतो." झालं, माझा संशय दुप्पट. त्याच्या वर्गातल्या पोरांना बोलावलं, सरांना बोलावलं, शेवटी त्याच्या गावच्या एका बाईंनी मला झापलं, "आवो, आमच्या शेजारचाच हाय त्यो. चुलता सरपंच हाय त्येचा. रोज बगतो तसं करतो." मी माफी मागितली नाही. मागायची पद्धत नाही आमच्यात.

शिक्षक मंडळीही काही कमी नाहीत. एका सरांना दरवर्षी नेमकी स्पर्धेच्याच दिवशी सर्दी व्हायची. उजव्या विंगेत उभे राहून शिंकायचे. एक शिंक म्हणजे आवाज वाढव, दोन म्हणजे पुढे सरक. मी त्यांच्याजवळ जाऊन रुमाल पुढे केला, तर त्यांची सर्दी जागच्या जागी बरी झाली.

अशा माणसाला दोन वर्षांपूर्वी समितीनं एका सत्कारात गुंतवलं. कॉलेजच्या नाटकासाठी आपला वेळ देणाऱ्या एका शिक्षकाचा आणि एका स्वयंसेवकाचा अंतिम फेरीच्या दिवशी सन्मान करायचा असं ठरलं. मी बैठकीत विरोध केला होता. शाल-श्रीफळाचं नाव निघालं की खरी माणसं मागे सरकतात आणि भलतीच पुढे येतात, असा माझा अनुभव. पण शिक्षकाचं नाव आधीच ठरलं होतं. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, डोंगराकडच्या एका कॉलेजच्या साबळे मॅडम. शिकवतात भूगोल. त्यांच्या संघाची एकांकिका प्राथमिक फेरीत परीक्षकांना फार आवडली होती.

आवडायचं कारण ऐकूनच माझे कान टवकारले. एका विहिरीवरून भांडणाऱ्या दोन घरांची गोष्ट. पण त्यातली पात्रं एकमेकांकडे बघतच नव्हती. सगळी समोर बघून बोलायची, एक हात डोक्याच्या वर हवेत धरून. परीक्षक म्हणाले, ही अभिनव शैली आहे, वर गेलेला तो हात म्हणजे आभाळाकडे केलेली याचना आहे. शेवटी एक लांबच लांब शांतता होती, तिचं तर त्यांना कोण कौतुक. मला एकच कळलं. डोंगरातल्या भूगोलाच्या बाईंना असलं काही सुचणार नाही. हे पुण्याचं डोकं आहे, पैसे देऊन आणलेलं.

तसं वाटणारा मी एकटा नव्हतो. हरलेल्या एका संघानं लेखी तक्रार केली, "या संघाच्या तालमींना बाहेरचा माणूस येतो." समितीनं माझ्याकडे बघितलं. सत्काराच्या आधी हा गुंता सुटायला हवा होता. मी दुसऱ्याच दिवशी सकाळची एसटी पकडली, कोणालाही न कळवता. कळवून गेलं की सगळं सारवून ठेवलेलं सापडतं.

साबळे मॅडम साध्या होत्या. हे मी त्यांच्या बाजूनं धरलं नाही. त्यांनी चहा मागवला, बिस्किटं मागवली, आणि तालीम कुठे करता म्हटल्यावर म्हणाल्या, "मधल्या सुट्टीत करतो सर, वर्गात. जमेल तेवढी." मधल्या सुट्टीत पोरं डबा खातील की नाटक बसवतील? मी विचारलं, "आणि एरवी?" तर त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "एरवी येता-जाता." नाटक बसवणाऱ्याचं हे उत्तर नव्हे.

चारच्या सुमाराला त्यांची घालमेल सुरू झाली. "सर, आता तुम्ही निघा. संगमनेरची गाडी चुकली तर पंचाईत होईल." मला घालवायची एवढी घाई बघून मी नक्की केलं, आज इथून हलायचं नाही. स्टँडकडे गेल्यासारखं केलं आणि चहाच्या टपरीआड थांबलो. थोड्या वेळानं कॉलेजच्या दारात एक जुनी जीप आली. प्राथमिक फेरीत मेकअप करताना पाहिलेल्या चार पोरी मागे चढल्या, पाठोपाठ मॅडमही चढल्या. म्हटलं, चालले पुण्याच्या माणसाकडे. धावत जाऊन मी पायरीवर पाय ठेवला.

जीपवाला, त्याचं नाव किसनभाऊ, आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "फुल हाय गाडी."

"बघू की," म्हणत मी आत शिरलोच. मॅडमचा चेहरा पडला. पोरी एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. मी मनात म्हटलं, बरोबर ठिकाणी आलोय.

गाव मागे पडलं, चढ लागला. खड्डे असे की पोरींनी वरच्या दांडीला एकेक हात धरला. आणि पुढे बघत, एकमेकींकडे मान न वळवता, त्या नाटकातलं बोलायला लागल्या. वळणावळणाला गाडी कलायची, त्यात मान वळवली तर मळमळणारच. हवेतला तो हात मी डोळे फाडून बघत राहिलो. परीक्षकांच्या आभाळाची दांडी माझ्या डोक्यावर होती.

पहिली वाडी आली. एक पोरगी वाक्य अर्धं टाकून उतरली. मी म्हटलं, आता थांबले. तर स्टिअरिंगवर हात ठेवून किसनभाऊनं तिचं उरलेलं वाक्य बोलून टाकलं, आणि नाटक पुढे चालू. दुसऱ्या वाडीला दुसरी उतरली. आता किसनभाऊ दोघींचं बोलत होता, भांडणात तर स्वतःच स्वतःला शिव्या घालत होता. मधेच म्हणायचा, "योगे, जरा दमानं. हितं चढ हाय, इंजिन वरडतंय, तुजं कोन ऐकनार?" किंवा, "ह्ये वाक्य पुलाच्या अलीकडं संपाया पायजे, काल पलीकडं गेल्तं."

तक्रार खरी निघाली होती. तालमीत बाहेरचा माणूस होताच. फक्त तो पुण्याचा नव्हता.

मी मॅडमना विचारलं, "हे काय चाललंय?" त्या म्हणाल्या, "मुलींना अंधार पडायच्या आत घरी पोचवायचं, या अटीवरच आई-बाप पाठवतात सर. कॉलेज सुटल्यावर थांबवता येत नाही. मग तालीम करायची कधी? म्हणून मीही रोज यांच्याबरोबर वरपर्यंत जाते आणि किसनभाऊंबरोबर परत येते. उतरलेल्या मुलीचं, आणि म्हातारा करणारा अक्षय खाली गावातच राहतो त्याचं, कोणीतरी बोलायला हवं ना. ते ऐकून ऐकून त्यांचं पाठच झालंय."

"यात तुमचा काय फायदा?" मी किसनभाऊला विचारलं. हा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो.

त्यानं गिअर टाकला. "घाट कळत न्हाई, सायेब," तो म्हणाला. "त्योच रस्ता, तीच वळनं, जीव इटला हुता. आता वर कवा पोचलो त्ये समजत न्हाई."

हे उत्तर मला पटलं नाही असं मी तोंडावर दाखवलं. खरं तर पटलं होतं.

तिसरी पोरगी उतरली. आता मागे योगिता, किसनभाऊची योगे, एकटीच राहिली, नाटकातल्या म्हाताऱ्याच्या सुनेचं काम करणारी, वाक्य बोलताना डोळे मिटणारी. ती दूरच्या वाडीची. मॅडम माझ्या कानाशी वाकून बोलल्या, आणि दुपारपासून त्या मला का घालवत होत्या ते तेव्हा कळलं. तक्रारीची बातमी मोबाईलच्या ग्रुपवरून फिरत फिरत योगिताच्या वडिलांपर्यंत पोचली होती. पोरींच्या तालमीला कोणी बाहेरचा माणूस येतो, एवढंच त्यांनी ऐकलं. त्याचा छडा लागल्याशिवाय पोरगी नगरला जाणार नाही, आणि वाईट काही निघालं तर कॉलेजलाही नाही, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. "ते रोज वर रस्त्यावर उभे असतात सर," मॅडम म्हणाल्या. "आणि आज गाडीतून तुम्ही उतरणार."

आयुष्यभर मी संशय घेणारा, घेतला जाण्याची सवय मला नव्हती. खाली उतरून जावं म्हटलं तर भोवती झाडी आणि दरी.

"सायेब," किसनभाऊ म्हणाला, "पुढं रस्ता लई खराब हाय, माजं ध्यान गाडीत. शेवटचं म्हाताऱ्याचं तेवडं तुमी घ्या."

एरवी मी ठाम नाही म्हटलं असतं. पण योगितानं सुरूही केलं होतं. गोष्ट अशी, की हट्टानं म्हाताऱ्यानं विहीर दगडांनी बुजवून टाकली आहे, आणि त्याची सून त्याच्यापुढे रिकामी घागर ठेवते. "आता प्यायचं काय, मामंजी?" तिनं विचारलं. मी बोलणार, तर मॅडमनी माझा हात दाबला. समोर शेवटचा उभा चढ होता. जीप असा आवाज करत वर निघाली की ब्रह्मदेवही काही बोलला तरी ऐकू आलं नसतं. ती परीक्षकांची लांबच लांब शांतता. माथ्यावर पोचून इंजिन निवलं, तेव्हा मॅडमनी खूण केली आणि कानात सांगितलं ते वाक्य मी मोठ्यानं बोललो, "माज्या रांजनातलं घे, पोरी."

बाहेर सूर्य टेकला होता. रस्त्याच्या कडेला एक गडी खांद्यावर घोंगडी घेऊन उभा होता. तो दाराशी आला. "किसन," तो म्हणाला, "आज म्हातारा कोन हाय? आवाज दुसरा हाय."

योगिता माझ्याकडे बघायचं टाळत उतरली.

"ह्योच का त्यो भाईरचा मानूस?"

मी खाली उतरलो. "मी नगरहून आलोय," मी म्हटलं. "तालमीला बाहेरचं कोण येतं ते बघायला. तुम्हाला आला तसाच मलाही संशय आला होता. गाडीत बघितलं तर हा किसन आहे, आणि आजच्या दिवस मी."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मी संघांना न्याहाळतो तसंच. मग किसनभाऊकडे वळले. "आन किसन भाईरचा कवापासून झाला? ह्या पोरीला दवाखान्यातनं पयल्यांदा घरी ह्येच गाडीनं आनली." पुन्हा माझ्याकडे. "मास्तरीनबाई रोज संगं असत्यात, त्ये मी बगतो. तुमच्याबद्दल मातर मला कायबी म्हायती न्हाई."

"ते बरोबर आहे," मी म्हटलं.

मग आवाज खाली आणून म्हणाले, "रोज हितं हुबा ऱ्हातो. गाडी वर आली, की म्हातारा म्हनतो, माज्या रांजनातलं घे पोरी. आन ही उतरती. त्येच्या आदी काय हुतं, त्ये मला ठावंच न्हाई. ही घरी सांगत न्हाई."

"तुमी कवा इचारलंच न्हाई, आप्पा," योगिता पहिल्यांदाच बोलली.

मी म्हटलं, "मग नगरला या. माझ्याशेजारी बसा. सगळं बघा, आणि मग काय ते ठरवा."

माझा अहवाल समितीच्या दप्तरात आहे. त्यात मी लिहिलं, "तालमीत महाविद्यालयाबाहेरच्या दोन व्यक्ती आढळल्या. एक जीपचालक, दुसरा प्रस्तुत तपासनीस. दोघांपैकी कोणालाही दिग्दर्शक म्हणता येणार नाही." समितीत हशा पिकला, थोडी वादावादी झाली, आणि तक्रार निकालात निघाली. स्वयंसेवकाच्या सत्कारासाठी मॅडमनी किसनभाऊचंच नाव धरून ठेवलं होतं. अंतिम फेरीच्या दिवशी शाल घेताना तो माझ्या कानात पुटपुटला, "सायेब, ह्यात आरटीओची कायबी भानगड न्हाई ना?" सन्मानाबद्दल इतका निकोप संशय घेणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. त्या दिवसापासून आमचं जमलं.

योगिताचे आप्पा आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्या शेजारच्या खुर्चीत ताठ बसले. नाटक सुरू झालं तसे पुढे पुढे सरकत गेले. ती भांडली तेव्हा त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. ती विहिरीपाशी रडली तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्ये सगळं तिला कुनी शिकीवलं?" मी त्या दिवशी विंगेकडे एकदाही बघितलं नाही. माझ्या कारकिर्दीत मी पूर्ण पाहिलेली ती एकमेव एकांकिका.

मग ते शेवटचं आलं. तिनं रिकामी घागर ठेवली. "आता प्यायचं काय, मामंजी?" आणि ती शांतता सुरू झाली. म्हाताऱ्याचं काम करणारा अक्षय ठरल्याप्रमाणे गप्प उभा राहिला. घाटात ही जागा इंजिन भरून काढायचं, इथे नुसती पोकळी. पोरगी उत्तराची वाट बघत उभी आहे आणि कोणी बोलत नाही, हे आप्पांना सोसवेना. ते उठून उभे राहिले आणि भरल्या हॉलमध्ये खणखणीत आवाजात म्हणाले,

"माज्या रांजनातलं घे, पोरी!"

योगिता हलली नाही. अक्षयनं तेच वाक्य हळूच पुन्हा म्हटलं आणि पडदा पडला. टाळ्या फार झाल्या. त्या थांबायच्या आत दोन संघांचे लोक माझ्याकडे धावत आले. प्रेक्षकांतून वाक्य पुरवलं, नियम मोडला, आणि पुरवणारा तपासनिसाच्या शेजारी बसलेला! मला खोटं लिहिता आलं नाही. तक्रार खरी होती. गुण कापले गेले आणि पहिलं बक्षीस दुसऱ्याच कॉलेजला गेलं. साबळे मॅडम मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्याचंच मला जास्त लागलं.

निकालानंतर पोरी जीपमध्ये बसत होत्या. आप्पा टोपी हातात घेऊन माझ्याकडे आले.

"माज्यामुळं गेलं ना बक्षीस?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली.

"मंग पुढल्या वर्सी मी हॉलच्या भाईर हुबा ऱ्हातो," ते म्हणाले. "पोरीला मातर घेऊन येतो."